माणसांशी बोलायला बुजते, पण कुत्र्यांसाठी काम करायचं आहे. सुरुवात कशी करावी?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात, कोथरूडला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. पाळीव प्राणी नको असं घरमालकांनी करारातच लिहून घेतलंय, त्यामुळे स्वतःचं कुत्रं पाळणं सध्या शक्य नाही. कुत्र्यांची ओढ मात्र लहानपणापासूनची आहे. नुसतं लांबून बघत राहण्यापेक्षा एखाद्या शेल्टरमध्ये नियमित काम करावं असं मनापासून वाटतं.

अडचण माणसांची आहे. मी फार भिडस्त आहे. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की वाक्यं मनात घोळवत बसते आणि शेवटी फोन राहूनच जातो. शेल्टरमधल्या जुन्या लोकांत मिसळता येईल का, कोणी काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटेल का, याचीच धास्ती जास्त आहे. कुत्र्यांची भीती नाही, पण अनोळखी कुत्र्याजवळ जायची योग्य पद्धत मला माहीत नाही.

फोन न करता शेल्टरशी संपर्क केला तर चालतो का आणि काय लिहावं? पहिल्या दिवशी कोणतं काम देतात? लस घ्यावी लागते का? त्यापेक्षा सोसायटीबाहेरच्या दोन-तीन कुत्र्यांना खाऊ घालून सुरुवात करणं सोपं पडेल का? आणि मुख्य म्हणजे, यातून बुजरेपणा कमी होईल, की मी कुत्र्यांच्या आड आणखीच लपेन? जाणकारांनी तपशिलात सांगावं ही विनंती.

पट्टा_हार्नेस

फोनची काळजी सोडा. शेल्टरवाल्यांना मेसेजच सोयीचा पडतो. तिथला फोन जखमी जनावरांच्या खबरींसाठी मोकळा ठेवायचा असतो, आणि उचलणाऱ्याचे हात बहुतेक वेळा कुत्र्यात किंवा सलाइनमध्ये अडकलेले असतात. फक्त ‘मला कुत्री आवडतात, येऊ का?’ एवढंच लिहू नका. असे मेसेज रोज येतात, आणि पाठवणारे बरेचसे एकदा येऊन फोटो काढून जातात. तुमचा वार, वेळ, किती महिने येणार, अनुभव आहे की नाही आणि लसीची स्थिती, एवढं असलं की समन्वयकाला लगेच निर्णय घेता येतो. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. मी कोथरूडला राहते. दर बुधवारी सकाळी ७ ते ९ मदतीला येऊ शकते, किमान तीन महिने. कुत्री हाताळण्याचा अनुभव नाही. साफसफाई, भांडी, स्वयंपाक यांपैकी कोणतंही काम चालेल. रेबीजची प्रतिबंधक लस घेणं चालू आहे. पुढच्या बुधवारी आले तर तिथे कोणाला भेटू?’

शेवटचा प्रश्न गाळू नका. त्याच्या उत्तरात एक नाव मिळतं, आणि फाटकावर ‘मला अमुक ताईंनी बोलावलंय’ एवढं एकच वाक्य पुरतं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेसेज पुन्हा एकदा पाठवा. उत्तर न येण्याचा अर्थ नकार नसतो, मेसेज खाली गेलेला असतो.

बुधवार मुद्दाम लिहिलाय. रविवारी कॉलेजचे गट, दत्तक घ्यायला आलेली कुटुंबं, वाढदिवस साजरा करायला आलेली मुलं असा सगळा गलबला असतो. कुत्रीही बिथरलेली असतात. आठवड्यातल्या सकाळी कामाला दोन-तीन माणसं असतात, आणि मनुष्यबळाची खरी चणचण तेव्हाच असते.

सुरुवातीला कुत्री कुरवाळायला मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. झाडू, पाइप आणि घासणी मिळेल. पण हे काम नीट शिकलात तर आठवड्याभरात तुमच्यावर विश्वास बसतो. क्रम असा: आधी निरोगी पिल्लांचा कप्पा, मग मोठ्या कुत्र्यांचे कप्पे, आजारी विभाग सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा) विषाणू चपलांवरून पिल्लांपर्यंत पोचतो. प्रत्येक कप्प्यात आधी विष्ठा उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, मग ब्लीच. साध्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, म्हणजे एका लिटरला साधारण ३५ मिली. ते दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो आणि विषाणू शिल्लक राहतो. नुसत्या फिनेलने पार्व्हो मरत नाही, वास तेवढा जातो. ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. फरशी वाळल्याशिवाय कुत्रं आत सोडायचं नाही, नाहीतर पंज्यांची आग होते.

आता ज्या कामासाठी तुमच्यासारख्या शांत माणसाची खरोखर गरज असते, त्याबद्दल. प्रत्येक शेल्टरमध्ये कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, माणूस दिसला की थरथरणारी काही कुत्री असतात. उत्साही स्वयंसेवक ‘ये ये’ करत त्यांच्या अंगावर जातात आणि ती आणखी मिटतात. त्यांच्याजवळ नुसतं बसायला माणूस हवा असतो.

आत जा, कडी लावा, दाराजवळच भिंतीला पाठ टेकून कुत्र्याकडे कूस करून बसा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. सोबत कोणतंही पुस्तक घ्या आणि हळू, सपाट आवाजात मोठ्याने वाचा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधूनमधून मिठाशिवाय उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा टाका, पण आपल्या जवळ नव्हे, कुत्र्याच्या पलीकडे. इथेच बहुतेक लोक चुकतात. हातात तुकडा धरून बोलावलं की भुकेपोटी ते येतं, तुकडा संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या अगदी तोंडाशी उभे आहोत. तेव्हाच ते फटकन चावतं. तुकडा पलीकडे टाकला तर त्याला खाऊही मिळतो आणि अंतरही मिळतं. मग ते आपणहून परत थोडं पुढे येतं. निघण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: किती अंतरावर होतं, खाल्लं का, कान कसे होते. पुढच्या वारी येणाऱ्या माणसाला याच नोंदी लागतात. आठवड्यांमागून आठवडे तोच माणूस, त्याच वेळी आला तर फरक पडतो, म्हणून तीन महिन्यांची अट.

टाके_आणि_पट्टी

पशुवैद्यक आहे. वरच्या मेसेजमधल्या ‘लस घेणं चालू आहे’ या वाक्याला जागा. पहिल्या भेटीआधी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस सुरू करा. आपल्याकडे तिचे तीन डोस देतात: पहिला दिवस ०, मग ७ वा, मग २१ वा किंवा २८ वा. दंडावर घ्यायची, कुल्ल्यावर नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही त्याच वेळी विचारून घ्या.

ही लस घेतली म्हणजे चावल्यावर काही करायचं नाही असा गैरसमज नको. चावलं, खरचटलं किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ लागली, की वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावायचं नाही. मग दवाखाना. फरक असा की आधी लस पूर्ण झालेल्यांना ० आणि ३ ऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचं सीरम (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) लागत नाही. लस न घेतलेल्यांना स्नायूतून द्यायचे तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस, शिवाय रक्त आलं असेल किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ लागली असेल तर जखमेत सीरम. ‘कुत्रं दहा दिवस बघू आणि मग ठरवू’ असं करत बसायचं नाही. लस लगेच सुरू करायची, लक्ष त्याच्या जोडीने ठेवायचं.

अनोळखी कुत्र्याजवळ जाण्याबद्दल: सरळ रेषेत, समोरून जाऊ नका. कमानीसारखं वळण घेत जा, दीडेक मीटरवर थांबा, अंग तिरपं ठेवा. गुडघ्यात थोडं वाकलात तरी चालेल, पण त्याच्यावर ओणवं व्हायचं नाही. हात पुढे करून नाकाशी नेण्याची जी सवय लोकांना असते तीही नको. हात आपल्या मांडीपाशी सैल सोडा, वास घ्यायचा असेल तर ते स्वतः येईल. आलं, अंग सैल आहे, शेपूट पाठीच्या रेषेत किंवा खाली राहून मोकळी हलतेय, तर छातीवर किंवा हनुवटीखाली खाजवा. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, तो वरून येणारा हात त्याला दिसत नाही. तीन सेकंद खाजवून हात काढा. ते अंगाला घासलं किंवा हाताखाली डोकं घातलं तर पुढे चालू. मान वळवली, जीभ नाकावर फिरवली, अंग झटकलं तर तिथेच थांबा.

शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, यावर विसंबून खूप लोक चावून घेतात. उंच, ताठ शेपूट झपझप हलत असेल, तोंड अचानक मिटलं असेल आणि अंग एकदम स्थिर झालं असेल तर ती चावण्याआधीची सूचना आहे. डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसणं, झोप आलेली नसताना जांभई, उष्मा नसताना धापा या सगळ्या ताणाच्या खुणा. गुरगुरलं तर ओरडू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. नजर खाली, दोन पावलं मागे, पाठ न फिरवता.

फिरवायला दिलं तर पट्टा मनगटाला गुंडाळू नका, जोरात ओढलं की मनगट मुरगळतं आणि तुम्ही पडता. फास अंगठ्यात अडकवून मुठीत धरा. शेल्टरमधली कुत्री सुटतात ती पुढे पळून नव्हे, मागे सरकून. घाबरलं की ते मागच्या पायांवर जोर देतं आणि पट्ट्यातून किंवा हार्नेसमधून (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यातून) डोकं काढून घेतं. त्या वेळी आपण ओढलं की उलट त्याला मदतच होते. त्याच्या दिशेने एक पाऊल टाकून ताण सैल करायचा. नवीन कुत्र्याला हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना जोडलेली दोरी हवी. गळपट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्यापेक्षा सैल नको.

समुपदेशक_ठाणे

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुत्र्यांच्या आड लपणं शक्य आहे, होतंही. पण ते ओळखता येतं.

बुजरेपणा टिकून राहतो तो टाळण्यामुळे. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ‘बोलले असते तर फजिती झाली असती’ ही समजूत कधी तपासलीच जात नाही. म्हणून पायऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० मध्ये भीतीचे गुण द्या. तुमच्या वर्णनावरून एक अंदाजी यादी देतो, आकडे तुमचे तुम्ही बदला. वॉचमनकाकांना आपणहून ‘नमस्कार’ म्हणणं, १५. चिकनच्या दुकानात ‘कुत्र्यांसाठी हवंय, पाव किलो, हाडं काढून’ असं तोंडाने सांगणं, २५. शेल्टरला मेसेज, ३०. फाटकावर नाव सांगून आत जाणं, ५०. न समजलेली गोष्ट समन्वयकाला दुसऱ्यांदा विचारणं, ५५. कुत्रं फिरवताना एखाद्याने चौकशी केली तर उत्तर देणं, ६०. दत्तक घ्यायला आलेल्या कुटुंबाला एका कुत्र्याची माहिती देणं, ७५. फोन, ८०.

एक पायरी पुन्हा पुन्हा करायची, आधीचे गुण निम्म्यावर येईपर्यंत, मग वरची. एकदा कसंबसं जमलं की लगेच दोन पायऱ्या गाळून वर उडी मारली तर बहुधा माणूस परत खाली येतो आणि ‘मला जमतच नाही’ असा निष्कर्ष काढतो. आणि भीती शिगेला असताना प्रसंगातून पळ काढू नका. थांबलात तर ती आपोआप उतरते, आणि ते अनुभवणं हाच उपचाराचा गाभा.

आता लपण्याबद्दल. कानात इअरफोन, उगाच मोबाइल उघडणं, बोलक्या मैत्रिणीला सोबत नेऊन तिला बोलायला लावणं, ही सगळी संरक्षक वर्तनं. प्रसंग पार पडतो पण श्रेय इअरफोनला जातं. कुत्र्याचंही तसंच होऊ शकतं: कोणी बोलायला आलं की लगेच खाली वाकून कुत्र्याला खाजवायला लागणं. यावर एकच नियम पाळा. आधी समोरच्याकडे बघून एक पूर्ण वाक्य बोलायचं, मग हवं तर वाकायचं.

कुत्र्याचा खरा उपयोग वेगळा आहे. जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सोबत कुत्रं असताना अनोळखी लोकांनी येऊन बोलण्याचं प्रमाण खूप वाढलेलं दिसलं. कुत्र्याची दोरी धरणाऱ्याचे कपडे नीटनेटके असोत की गबाळे, तरीही. म्हणजे संभाषण सुरू करण्याचं ओझं तुमच्यावर राहत नाही. लोक जे विचारतात तेही ठरलेलं असतं: नाव काय, वय किती, चावतं का, हात लावू का. या चार उत्तरांची तयारी घरी करून ठेवा. ‘हिचं नाव मैना, तीन वर्षांची आहे, अनोळखी माणसांना घाबरते, म्हणून आज हात नका लावू.’ या वाक्यात ठाम नकारही आहे, आणि तो कुत्रीच्या भल्यासाठी असल्यामुळे भिडस्त माणसालाही उच्चारता येतो. स्वतःसाठी नकार देण्याचा सराव इथूनच सुरू होतो.

मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे अविवेकी समजुती तपासून बदलण्याची उपचारपद्धती, अनेकांना माहीत असेल. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी अतिशय लाजरे होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी आपणहून बोलायचं ठरवलं आणि शंभर जणींशी ते बोलले. त्यातून एकीशीच भेट ठरली आणि तीही आली नाही. पण भीती गेली. ‘लोकांना मी आवडलेच पाहिजे’ ही मागणी सोडून ‘आवडले तर बरं, नाही तर चालवून घेईन’ इथे येणं, हे त्यातलं सूत्र. तुमच्या बाबतीत मोजायचं ते ‘मी बोलले का’ हे. ‘छान बोलले का’ हे मोजू नका.

प्रत्येक पायरीआधी एका ओळीत लिहा की काय वाईट होईल असं वाटतं. झाल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते लिहा आणि वही मिटा. रात्री अंथरुणात प्रत्येक वाक्याची उजळणी करत बसायची सवय असेल तर ती या वहीपुरती मर्यादित ठेवा.

हे सगळं बुजरेपणासाठी. नोकरीतले फोन, मुलाखती, दवाखान्यात जाणंसुद्धा महिनोन्महिने टळत असेल, छातीत धडधड, घाम, मळमळ होत असेल तर ती सामाजिक चिंता असू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही चालतो.

चिंचवडची_मावशी

खाऊ घालण्याबद्दल मी सांगते. अगं, तू ज्याला सोपं समजतेयस ते भिडस्त माणसासाठी सगळ्यात अवघड काम आहे. शेल्टरमध्ये सगळी आपल्या बाजूची माणसं असतात. सोसायटीबाहेर भांडं ठेवलंस की तिसऱ्या दिवशी कोणीतरी हटकणारच, आणि त्या वेळी तू एकटी असशील. सहा महिने शेल्टरमध्ये काढ आणि मग याकडे वळ.

नियमही नीट समजून घे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने खाऊ घालण्याची जागा ठरवायची असते. जिने, इमारतीचं प्रवेशद्वार, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब, आणि मुलं-ज्येष्ठांची ये-जा नसेल अशी वेळ. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रस्त्यात कुठेही खाऊ घालायला मनाई झाली, पालिकेने प्रत्येक प्रभागात नेमून दिलेल्या जागीच परवानगी आहे. म्हणून आधी क्षेत्रीय कार्यालयात किंवा पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात लेखी विचार, आजच्या घडीला काय लागू आहे आणि जवळची जागा कोणती. अर्जाची पोच घे. अर्ज लिहायला बोलावं लागत नाही, तुला ते छान जमेल.

खाण्याचं गणित: पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाचं म्हणून शिजलेला भात साधारण ४०० ग्रॅम (म्हणजे १३० ग्रॅम कच्चे तांदूळ) आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन १५० ग्रॅम. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडं नाहीत, ती चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट विष. दुधाने पुष्कळ कुत्र्यांना जुलाब होतात. बिस्किटांचे पुडे फोडून टाकणं हे प्रेम खरं, पण त्यात साखर आणि मैदाच आहे.

भांडी एकमेकांपासून किमान दोन मीटर लांब, नाहीतर मारामारी ठरलेली. वीस मिनिटांनी उरलंसुरलं उचलायचं आणि जागा झाडायची. उरलेल्या अन्नावर उंदीर येतात, पलीकडच्या गल्लीतली टोळी येते, रात्री भुंकाभुंकी होते आणि तक्रार येते ती तुझ्या नावाने. लोक चिडतात ते बहुतेक वेळा कुत्र्यांपेक्षा या घाणीवर.

कोणी आवाज चढवून बोललं तर वाद घालायचा नाही. ‘काका, जागा पालिकेने ठरवून दिलेली आहे, हे पत्र. वीस मिनिटांत सगळं उचलून साफ करते.’ पुन्हा तेच बोलले तर पुन्हा हेच, त्याच आवाजात. ‘ही तीन कुत्री नसबंदी आणि लस झालेली आहेत, कानाला काप दिलाय बघा’ हे वाक्य सगळ्यात कामी येतं, म्हणून नसबंदी आधी, खाऊ नंतर. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला किंवा अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या कुत्रीला नसबंदीसाठी उचलू देऊ नकोस. आणि उचललेलं कुत्रं परत त्याच जागी सोडलं का याचा पाठपुरावा ठेव.

माठातलं_पाणी

मावशींशी बाकी सहमत, पण सहा महिने वाट बघायची गरज नाही. पाणी ठेवता येतं. सोसायटीची परवानगी घेऊन भिंतीलगत सावलीत सिमेंटचं बसकं भांडं ठेवा, चार-पाच लिटरचं. सिमेंटचं अशासाठी की ते उलटत नाही आणि कोणी उचलून नेत नाही. रोज पाणी ओतून टाकायचं आणि दोन दिवसांआड काथ्याने घासायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूच्या नावाने भांडं जातं. पक्षी, मांजरंही पितात, त्यामुळे विरोध क्वचितच होतो.

मांडवी_किनारा

गोव्याहून लिहितोय. तुमच्या स्वभावाला चालेल असं आणखी एक काम: लसीकरण मोहिमेतली नोंद. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या मोहिमांत जाळी घेऊन कुत्री पकडणारे वेगळे असतात, टोचणारे वेगळे, आणि प्रत्येक कुत्र्याची मोबाइल अ‍ॅपवर नोंद करणारा वेगळा. लिंग, अंदाजे वय, नसबंदी झाली आहे का, ठिकाण, एवढं भरायचं. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करतात, म्हणजे नंतर पाहणी करताना वस्तीतली किती कुत्री राहिली ते कळतं. सातत्याने अशीच मोहीम चालवल्यामुळे २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातही पालिका आणि संस्था लसीकरणाच्या मोहिमा घेतात. नोंदी काळजीपूर्वक करणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो, कारण दिवसाच्या शेवटी थकल्यावर चुका इथेच होतात. यात घरोघरी जाऊन ‘तुमच्या कुत्र्याला लस टोचायची का?’ हे एकच वाक्य शेकडो वेळा विचारावं लागतं. समुपदेशकांनी पायऱ्या सांगितल्यात, त्यात हे चपखल बसेल.

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. मेसेज पाठवला, आणि उत्तरही आलं: बुधवारी सकाळी सात. लसीचा पहिला डोस उद्या. खाऊ घालण्याचा विचार सध्या बाजूला ठेवते, पाण्याच्या भांड्यासाठी सेक्रेटरींना चिठ्ठी देते.

एक शंका राहिली. असं ऐकते की गेल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतात आणि ‘दोन पिल्लं चार दिवस घरी ठेव ना’ असा आग्रह होतो. मला नाही म्हणता येत नाही, आणि घरमालक ऐकणार नाहीत. तिथे काय करायचं?

पट्टा_हार्नेस

आग्रह होतो, कारण पिल्लांना जागा नसते. तरीही नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वाक्य पाठ करून ठेवा: ‘घरी ठेवणं शक्य नाही, घरमालकाची परवानगी नाही. बुधवारचं काम मी करेनच.’ कारण एकच द्या. चार कारणं दिली की समोरचा त्यातल्या एकेकावर तोडगा सुचवत बसतो. ‘बघते’, ‘विचारून सांगते’ हे तर अजिबात नको. त्या ‘बघते’वर विसंबून कोणीतरी दुसरी सोय करत नाही आणि संध्याकाळी पिल्लं रस्त्यावर राहतात. स्पष्ट नकार पिल्लांच्याही फायद्याचा असतो.

ग्रुप म्यूट करून ठेवा. रात्रीबेरात्री जखमी कुत्र्यांचे फोटो येत राहतात, सगळे बघणं कोणाच्याच मनाला झेपत नाही. समन्वयकाला एकदाच लिहून कळवा की तुमच्यासाठी काही असेल तर वेगळा मेसेज करावा.

बुधवारसाठी: जाड कापडाची पूर्ण लांबीची पँट, बंद रबरी बूट, ओढणी नको, लोंबते कानातले नकोत, केस बांधलेले, नखं कापलेली. कपड्यांचा एक जोड सोबत न्या आणि निघताना बदला. वापरलेले कपडे बंद पिशवीत घाला आणि घरी वेगळे, गरम पाण्याने धुवा. तुमच्या इमारतीत कोणाकडे लस न झालेलं पिल्लू असेल तर शेल्टरमधले बूट जिन्यातूनही वर नेऊ नका, तिथेच ठेवायची सोय विचारा. उद्या डोस झाला की लसीच्या कार्डाचा फोटो समन्वयकाला पाठवून द्या. आणि तिसरा डोस होईपर्यंत घाबरट किंवा नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या कप्प्यात मला पाठवू नका असंही त्याच मेसेजमध्ये लिहा. हे ऐकून कोणी नाराज होत नाही, उलट माणूस जबाबदार आहे हे कळतं.